मोठी दुर्बीण घेतली, तरी गुरू भुरकट का दिसतो?

तक्रार ठरलेली असते. साडेचार इंची दुर्बिणीवर हात बसलेला असतो, गुरूचे पट्टे, शनीची कडी, मृगातला तेजोमेघ सगळं पाहून झालेलं असतं, आणि मग हौसेने १० इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या लाकडी बैठकीवरची मोठ्या आरशाची दुर्बीण, घरी येते. गच्चीवर लावावी तर गुरू मोठा दिसतो, झगझगीत दिसतो, पण कडा विरघळल्यासारख्या. पट्टे दोनच, तेही पुसट. शेजारी जुनी ११४ मिलिमीटरची ठेवली तर तिच्यात तोच गुरू लहान पण रेखीव. आठवड्याने पुन्हा पाहिलं तरी तेच. मग विचारणा होते, "काका, आरसाच खराब लागला का?"

इंदूर, महू, देवास भागातल्या हौशी मंडळींकडून हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो. आरसा बहुतेक वेळा ठीकच असतो. दोष आरशाच्या उष्णतेत असतो, जुळणीत असतो, पकडीत असतो किंवा डोक्यावरच्या हवेत असतो. या प्रत्येकाची खूण निराळी आहे आणि ती एकाच ठिकाणी वाचता येते: फोकसबाहेर किंचित काढलेल्या ताऱ्यात. ही एक सवय लागली की दर वेळी अंदाजाने स्क्रू पिळायची वेळ येत नाही.

मोठी दुर्बीण इतकी हळवी का, ते आधी पाहू. ११४ मिलिमीटर आरसा आणि ९०० मिलिमीटर नाभीय अंतर म्हणजे साधारण एफ/८ (नाभीय अंतराला आरशाच्या व्यासाने भागून येणारा आकडा). २५४ मिलिमीटर आणि १२५० मिलिमीटर म्हणजे एफ/५. प्रकाश जवळजवळ पाचपट मिळतो. दोन जवळचे तारे वेगळे दाखवायची क्षमता कागदावर १ विकलेवरून (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) ०.४६ विकलेपर्यंत जाते. पण आरशाची काच जाड झालेली असते, ती निवायला वेळ घेते. दृश्याच्या मध्यावरचा जो भाग खऱ्या अर्थाने रेखीव असतो, तो एफ-गुणोत्तराच्या घनाच्या प्रमाणात आक्रसतो. एफ/८ वरून एफ/५ वर आलात की त्या वर्तुळाचा व्यास चौथ्या हिश्शावर येतो. जुन्या दुर्बिणीत जुळणी थोडी बिघडली तरी कळत नव्हतं, इथे ती लगेच कळते. शिवाय रुंद आरसा हवेचा रुंद स्तंभ एकदम पाहतो, म्हणून हवेची खळबळही त्यात जास्त शिरते.

म्हणून पहिला सल्ला: जुनी दुर्बीण विकू नका, निदान पहिलं वर्षभर तरी. दोन्ही शेजारी लावा आणि साधारण सारख्या वर्धनावर, १०० ते १२५ पटीच्या आसपास, एकच ग्रह पाहा. दोन्हींत चित्र उकळत असेल तर आकाश किंवा गच्ची दोषी. जुनीत शांत आणि नवीत खराब असेल तर दोष बहुधा नवीच्या नळीत आहे. जुनी हाताशी नसेल तर जाड पुठ्ठ्याचं झाकण कापा आणि त्यात एका बाजूला ९० मिलिमीटरचं भोक पाडा, असं की ते सेकंडरी आरशाच्या (नळीच्या तोंडाशी असलेल्या लहान तिरप्या आरशाच्या) आणि त्याला धरणाऱ्या पट्ट्यांच्या आड येणार नाही. हे झाकण लावलं की १० इंची दुर्बीण तेवढ्यापुरती एफ/१४ ची लहान दुर्बीण होते आणि तुलना एकाच नळीत करता येते.

आता तारा. ठळक तारा दृश्याच्या अगदी मध्यावर आणा, वर्धन २०० च्या आसपास ठेवा (१२५० च्या दुर्बिणीत ६ मिलिमीटरची आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, २०८ पट देते) आणि आयपीस मागेपुढे सरकवणारा फोकसर अगदी थोडा फिरवा. ताऱ्याची बारीक चकती होईल, तिच्यात एकात एक कडी दिसतील आणि मधोमध सेकंडरीची काळी सावली. चार-पाच कडी दिसतील एवढंच बाहेर काढायचं. फार फिरवलं तर सावली मोठी होते आणि फसवते. मग फोकसच्या दुसऱ्या बाजूला जाऊन तसंच पाहायचं.

चकतीत धुरासारख्या लाटा सावकाश वळवळताना दिसल्या, किंवा चकतीची एक बाजू फुगून ज्योतीसारखी बाहेर आली, तर ती उष्णता. माझ्या पाहण्यात आलेल्या तक्रारींत सर्वांत मोठा वाटा हिचाच. खात्री करायची असेल तर हे करून बघा: तारा फोकसबाहेर ठेवूनच आपला तळहात नळीच्या तोंडापुढे, खालच्या कडेशी धरा. चकतीत बोटांची काळी आकृती दिसेल आणि तिच्या कडेपासून हवा थरथरत सुटताना स्पष्ट दिसेल. ३३-३४ अंशांच्या हाताने एवढं होतं. आठ-दहा अंशांनी गरम असलेली, किलो-किलोने वजनाची काच नळीच्या तळाशी बसून काय करत असेल ते मग वेगळं सांगावं लागत नाही.

होतं असं. दुर्बीण दिवसभर वरच्या मजल्यावरच्या खोलीत असते. माळव्यात जानेवारीत दुपारी पारा २५-२६ अंशांवर असतो आणि पहाटेपर्यंत १० च्या आसपास उतरतो. तुम्ही आठ वाजता नळी बाहेर काढता, तेव्हा खोलीतली ऊब आरशात साठलेली असते. आरशाच्या पृष्ठभागावर गरम हवेचा पातळ थर चिकटून राहतो, आणि ताऱ्याचा प्रकाश त्या थरातून येताना एकदा आणि परावर्तित होऊन जाताना पुन्हा एकदा जातो. वर सुटलेली गरम हवा नळीच्या वरच्या भिंतीलगत सरकत तोंडाशी येते. ११४ मिलिमीटरचा पातळ आरसा अर्ध्या तासात निवतो, म्हणून जुन्या दुर्बिणीला हा आजार कधी जाणवलाच नाही. १० इंची आरशाला नुसतं ठेवून दीड-दोन तास लागतात. त्यातच माळव्याची रात्र सारखी गार होत जाते. आरसा तिच्या मागे मागे धावतो आणि कधी कधी मध्यरात्रीपर्यंत तिला गाठत नाही.

उपाय स्वस्त आहे. कॉम्प्युटरमध्ये असतो तसा १२ व्होल्टचा पंखा, ८० किंवा १२० मिलिमीटरचा, इंदूरच्या जेल रोडवर किंवा सिल्व्हर मॉलमध्ये सहज मिळतो. काही १० इंची दुर्बिणींना तो कारखान्यातूनच बसवलेला येतो आणि मालकाने त्याची बॅटरी कधी जोडलेलीच नसते, म्हणून आधी आरशामागे वाकून पाहा. नसेल तर आरशाच्या मागे, आरशाच्या पाठीवर वारा येईल असा लावा. घट्ट स्क्रूने आवळू नका. रबरी पट्ट्यांवर लटकता ठेवला तर त्याची कंपनं नळीत जात नाहीत. दोन्ही टोकं उघडी ठेवून निरीक्षणाच्या दीड तास आधी चालू करा. नंतर बंद करू नका, गती कमी करून चालू ठेवा, कारण हवा गार होणं थांबलेलं नसतं. पंख्याइतकाच फरक ठेवण्याच्या जागेने पडतो. जुन्या वाड्याची ओसरी, उत्तरेचा व्हरांडा, तळमजल्यावरचं सावलीतलं गॅरेज यांपैकी काहीही चालेल. पत्र्याची शेड आणि गच्चीलगतची खोली मात्र टाळा.

गच्चीबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. इंदुरात आपल्यातले बहुतेक जण गच्चीवरूनच पाहतात, आणि सिमेंटचा स्लॅब मार्च ते मे या महिन्यांत मध्यरात्र उलटेपर्यंत उष्णता सोडत राहतो. उन्हाळ्यात भर दुपारी डांबरी रस्त्यावर हवा तरळते तशीच ती स्लॅबवर रात्री तरळत असते, फक्त अंधारात दिसत नाही. ग्रह शेजारच्या गच्चीवरून किंवा एसीच्या बाहेरच्या युनिटवरून दिसत असेल तर तो वर येईपर्यंत थांबा. अंगणात मातीवर किंवा हिरवळीवर जागा असेल तर तीच घ्या, भले आकाश थोडं कमी दिसो. गच्चीवर पाणी मारायचंच असेल तर ऊन उतरता उतरता मारा. ऐन वेळी मारलं तर दमट हवेत सेकंडरीवर दव धरतं आणि एका दुखण्याची दोन होतात.

तासभर थांबूनही चकतीतली काळी सावली एका बाजूला सरकलेली, कडी एकीकडे जाड आणि एकीकडे बारीक, आणि हे चित्र स्थिर राहत असेल, तर तो कॉलिमेशनचा, म्हणजे आरशांच्या जुळणीचा दोष. डॉब्सोनियन गाडीत घालून सिमरोलच्या घाटातून किंवा महूवरून जानापावच्या टेकडीवर नेली की जुळणी हलतेच. दर वेळी तपासायची, तबला मैफलीआधी लावतात तशी. हात बसला की पाच मिनिटांचं काम आहे. क्रम मात्र सोडू नका: आधी सेकंडरी, मग प्रायमरी, म्हणजे तळाचा मोठा आरसा. फोकसरमध्ये चेशायर (जुळणी पाहायची, तारांची फुली असलेली छोटी नळी) बसवून सेकंडरी अशी वळवा की प्रायमरीच्या मध्यावरची चिकटवलेली खूण तारांच्या फुलीवर येईल. मग प्रायमरीचे मागचे स्क्रू फिरवून ती खूण चेशायरच्या उजळ कड्याच्या मधोमध आणा.

इथे तीन गोष्टींत लोक अडकतात. पहिली, एफ/५ मध्ये फोकसरमधून पाहताना सेकंडरीची काळी आकृती थोडी प्रायमरीच्या बाजूला सरकलेली दिसते. ते बरोबरच आहे. ती मध्यावर आणायला गेलात तर चांगली जुळणी मोडाल आणि रात्र स्क्रू फिरवण्यात जाईल. दुसरी, लेझर. स्वस्त लेझर कॉलिमेटर स्वतःच वाकडा असू शकतो. फोकसरमध्ये तो गोल फिरवून पाहा. प्रायमरीवरचा लाल ठिपका एका जागी न राहता वर्तुळ काढत असेल तर आधी लेझर सरळ करा, नाहीतर बाजूला ठेवा. तिसरी, लॉकचे स्क्रू. जुळणी करून ते आवळले की आवळण्यानेच जुळणी हलते. अलगद टेकवा आणि पुन्हा एकदा पाहा. दर सहलीत जुळणी फारच हलत असेल तर प्रायमरीमागच्या स्प्रिंगा मऊ आहेत. हार्डवेअरच्या दुकानातून त्याच मापाच्या कडक स्प्रिंगा आणून बदलल्या की त्रास बराच कमी होतो.

शेवटची तपासणी ताऱ्यावरच. पुस्तकांत ध्रुवतारा सुचवलेला असतो, कारण तो जागचा हलत नाही. युरोप-अमेरिकेत तो आकाशात अर्ध्यावर असतो, तिथे ते ठीक. इंदूरचं अक्षांश २२.७ अंश, त्यामुळे आपला ध्रुव क्षितिजापासून जेमतेम तेवढाच वर असतो आणि त्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा अडीच पटीहून जास्त हवेतून येतो. त्यावर केलेली तपासणी बहुधा हवेचीच होते. त्यापेक्षा थंडीत ब्रह्महृदय किंवा पुनर्वसूचे दोन तारे, उन्हाळ्यात स्वाती किंवा अभिजित घ्या, ५० ते ७५ अंश उंचीवर असताना. २०० पटीत तारा मिनिटभरात दृश्य ओलांडून जातो, तेव्हा दर वेळी तो मध्यावर आणूनच निर्णय घ्या. कडेला कोमामुळे, म्हणजे अशा आरशाच्या अंगच्याच दोषामुळे, तारा धूमकेतूसारखा ओढलेला दिसणारच. तो जुळणीचा दोष नव्हे.

पुनर्वसूतल्या कॅस्टरचा आणखी एक उपयोग आहे. तो जोडतारा आहे, दोन तारे सध्या सुमारे साडेपाच विकलांवर आहेत. ११४ मिलिमीटरमध्येही ते ९० पटीत वेगळे दिसतात. १० इंचीत १२५ पटीवर ते स्वच्छ सुटत नसतील तर दोष दुर्बिणीत किंवा त्या रात्रीच्या हवेत नक्की आहे. सुटत असतील आणि फक्त गुरूच आवडत नसेल तर जरा वेळ देऊन पाहा; गुरूवरची बारीक नक्षी डोळ्याला सावकाशच उलगडते.

आता पकड. फोकसमध्ये तारा त्रिकोणी, आणि फोकसबाहेर चकतीला तीन कोपरे, तर आरशाला धरणाऱ्या तीन क्लिपा फार आवळलेल्या आहेत. आरसा खोलून काढा आणि क्लिपा इतक्या सैल करा की क्लिप आणि काच यांच्या फटीत पोस्टकार्ड सरकेल. आरसा हलू नये, पण दाबलाही जाऊ नये. थंड रात्री धातू आकसतो, म्हणून हा दोष जानेवारीत उघडा पडतो आणि उन्हाळ्यात सापडत नाही. सुदामानगरातल्या एका ताईंच्या ८ इंचीत नेमकं हेच होतं. क्लिपा सैल केल्या आणि त्याच रात्री तारा गोल झाला.

तारा लांबट, आणि फोकसच्या दुसऱ्या बाजूला गेल्यावर लांबी काटकोनात वळते, असं असेल तर लगेच आरशाला नाव ठेवू नका. आयपीसला डोळा लावूनच मान तिरपी करा. लांबी मानेबरोबर फिरली तर ती तुमच्या डोळ्याची, चष्मा लावून पाहा. आयपीस फिरवल्यावर फिरली तर आयपीसची. दोन्हींनी हलली नाही तर सेकंडरी किंवा प्रायमरी. जुन्या दुर्बिणीबरोबर आलेल्या स्वस्त आयपीस एफ/८ मध्ये निभावतात, एफ/५ मध्ये त्यांच्या कडा पार विस्कटतात. नव्या दुर्बिणीसाठी पैसे ठेवताना एका चांगल्या ६ किंवा ७ मिलिमीटरच्या आयपीसचे बाजूला ठेवा. फिल्टरच्या पेट्या नंतर घेता येतील.

हे सगळं ठीक असूनही चकतीवरून बारीक लहरी एकाच दिशेने झरझर वाहताना दिसल्या तर ते वरचं आकाश, आणि त्याला उपाय नाही. हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावरून वरच्या थरात वेगवान जेट प्रवाह वाहतो. पश्चिमी विक्षोभ सरकून गेला की पुढच्या रात्री आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं, उत्तरेचा गार वारा सुटतो, तारे लकाकतात, आणि सगळे उत्साहाने दुर्बीण काढतात. ग्रहांसाठी बऱ्याचदा तीच सर्वांत वाईट रात्र ठरते. त्या रात्री कमी वर्धनावर कृत्तिका पाहा, मृगातला तेजोमेघ पाहा. उलट हवा स्थिर, आकाश थोडं धूसर, तारे न लुकलुकणारे अशी मरगळलेली रात्र आली की गुरूवर २०० पट लावा. डोक्यावरचा तारा नुसत्या डोळ्यांना लुकलुकताना दिसत असेल तर १५० पटीच्या पुढे जाऊ नका.

आपल्या अक्षांशाचा एक फायदा आणि त्याला जोडून आलेली अडचण इथेच सांगतो. १० जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीला, म्हणजे सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असताना, गुरू मिथुनेत होता आणि इंदूरहून मध्यरात्रीच्या सुमारास तो जवळजवळ थेट डोक्यावर यायचा. याहून पातळ हवा ग्रहाला मिळत नाही. पण डॉब्सोनियन नेमकी तिथेच अडते, कारण नळी सरळ उभी झाली की आडव्या फिरवण्याने ग्रहाचा माग घेता येत नाही. धक्के बसतात, चित्र थरथरते, आणि पाहणाऱ्याला वाटतं फोकस गेला. ग्रह माथ्यावर येण्याच्या तासभर आधी किंवा तासभर नंतर पाहा, तेव्हाही तो पुरेसा उंच असतो. ही बैठक रूढ करणारे जॉन डॉब्सन हे सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात २० हून अधिक वर्षं राहिलेले संन्यासी. रस्त्यावरच्या कुणालाही चंद्र दाखवता यावा म्हणून त्यांनी साध्या लाकडी फळ्यांची बैठक वापरली. तिची ही एक मर्यादा त्या साधेपणापुढे मला सहज मान्य आहे.

काही तक्रारी दोषाच्या नसतातच. २०२५ मध्ये कितीतरी जणांनी शनीची कडी गेली म्हणून विचारलं. मार्च २०२५ मध्ये पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली, आणि वर्षअखेरीसही कडी पुन्हा जवळपास धारेवरच दिसत होती. आता ती हळूहळू उघडत आहेत. देवयानीतली दीर्घिका राजवाड्याजवळच्या गच्चीवरून १० इंचीतही फिकट डागच दिसणार. मोठा आरसा दीर्घिकेबरोबर शहराचा उजेडही तितकाच गोळा करतो. त्यासाठी जानापावला किंवा त्याच्याही पुढे जायला हवं. आणि आरशावरची थोडी धूळ चित्र बिघडवत नाही. कापडाने पुसलेला आरसा मात्र कायमचा ओरखडतो. पावसाळ्यात दोन्ही टोकं झाकून आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, म्हणजे ॲल्युमिनियमचा लेप टिकेल.

पंखा लावला, जुळणी केली, क्लिपा सैल केल्या, आयपीस बदलून पाहिली, वेगवेगळ्या शांत रात्री निवडल्या, आणि तरीही तारा फोकसच्या दोन्ही बाजूंना वेगळाच दिसतो किंवा लांबटच राहतो, तर आता आरशावर संशय घ्यायला हरकत नाही. आयपीसला मोबाइल धरून फोकसच्या आतल्या आणि बाहेरच्या चकतीचे फोटो काढा. प्रत्येकासोबत तारीख, वेळ, ताऱ्याचं नाव आणि दुर्बीण किती वेळ बाहेर होती ते लिहून ठेवा. आयपीस फिरवून आणि मान तिरपी करून काय दिसलं तेही लिहा. एवढी नोंद घेऊन वॉरंटीच्या मुदतीत विक्रेत्याला कळवा. आरसा परत पाठवायची वेळ आली तर मूळ फोममध्येच भरा आणि लेपाच्या बाजूला कागद, प्लास्टिक किंवा टेप काहीही टेकू देऊ नका.